१२३४५६७८९० : एका मोठ्या संख्येचे गुणधर्म पायरीपायरीने कसे शोधावेत

एखादी मोठी पूर्ण संख्या समोर आली की तिच्याविषयी काय काय सांगता येईल, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, पण योग्य क्रमाने विचारला तर तो कागद, पेन्सिल आणि साध्या गणकयंत्राच्या आवाक्यात येतो. या लेखात १२३४५६७८९० ही एकच संख्या घेऊन तिची अथपासून इतिपर्यंत तपासणी केली आहे. ही संख्या प्रत्येकाने कधी ना कधी लिहिलेली असते, तरीही तिचे मूळ अवयव कोणते, हे विचारल्यावर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. वाचताना प्रत्येक आकडेमोड स्वतः करून पाहावी, कारण या विषयातला खरा आनंद आणि खरी खात्री दोन्ही तिथेच मिळतात.

सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करावा. संख्येचे काही गुणधर्म तिच्या लेखनाचे असतात: अंकांची बेरीज, अंकांचा क्रम, शेवटचा अंक. आपण दहाऐवजी दुसरा पाया घेतला तर हे गुणधर्म बदलतात किंवा नाहीसेच होतात. दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म मात्र संख्येचे स्वतःचे असतात: तिला कशाने भाग जातो, तिचे विभाजक किती, ती वर्गांची बेरीज आहे का. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी हे बदलत नाहीत आणि त्यांतले जवळजवळ सगळे मूळ अवयवांवर अवलंबून असतात. म्हणून आपली मुख्य मेहनत मूळ अवयव शोधण्यात जाईल, आणि ती वसूलही होईल.

पायरी १ : संख्या नीट वाचणे आणि तिचा आवाका ठरवणे

संख्या उजवीकडून गट पाडून लिहावी: १,२३,४५,६७,८९०. म्हणजे एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. गट न पाडता दहा अंकी संख्येवर काम करणारा माणूस कधी ना कधी एखादा अंक गाळतो, आणि पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

गणकयंत्राबद्दलही आधीच खात्री करून घ्यावी. ज्याच्या पडद्यावर आठच अंक मावतात असे यंत्र येथे चालणार नाही, निदान बारा अंकांचे हवे. संगणकावरील स्प्रेडशीट साधारणपणे पंधरा सार्थ अंकांपर्यंतच अचूक असते आणि त्यापुढचे अंक न सांगता शून्य करून टाकते. आपल्या संख्येचा वर्ग एकोणीस अंकी आहे, त्यामुळे ही मर्यादा शेवटच्या पायरीत प्रत्यक्ष आडवी येते.

आता वर्गमूळाचा अंदाज घेऊ. ३५००० चा वर्ग १२२५०००००० होतो. आपली संख्या त्याहून ९५६७८९० ने मोठी आहे. या फरकाला ३५००० च्या दुपटीने, म्हणजे ७०००० ने, भागले की सुमारे १३६ मिळतात. म्हणून ३५१३६ वापरून पाहावे: ३५१३६ चा वर्ग १२३४५३८४९६, आणि ३५१३७ चा वर्ग १२३४६०८७६९. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून ती पूर्ण वर्ग नाही. शेवटी एकच शून्य असलेली संख्या पूर्ण वर्ग असू शकत नाही, हे पाहूनही तेच कळले असते, पण ३५१३६ हा आकडा पुढे लागणार आहे. घनाची तपासणीही याच रीतीने होते: १०७२ चा घन १२३१९२५२४८ आणि १०७३ चा घन १२३५३७६०१७, म्हणून संख्या पूर्ण घनही नाही.

पायरी २ : अंकांवरून दिसणारे गुणधर्म

या संख्येत ० ते ९ हे दहाही अंक प्रत्येकी एकदाच आले आहेत. शून्याने सुरू न होणाऱ्या अशा दहा अंकी संख्या एकूण ९ × ९! (९! म्हणजे १ ते ९ या संख्यांचा गुणाकार), म्हणजेच ३२६५९२० आहेत. सर्वांत लहान १०२३४५६७८९ आणि सर्वांत मोठी ९८७६५४३२१०. चढत्या क्रमाने लावल्यास आपली संख्या कितवी येते, हे मोजण्यासाठी प्रत्येक स्थानी विचारावे की या जागी याहून लहान, अजून न वापरलेला अंक किती प्रकारे ठेवता आला असता. पहिल्या स्थानी १ हाच सर्वांत लहान संभाव्य अंक आहे. दुसऱ्या स्थानी २ ऐवजी फक्त ० ठेवता आला असता, आणि मग उरलेल्या आठ अंकांच्या ८! मांडण्या झाल्या असत्या. तिसऱ्या स्थानीही फक्त ० शक्य होता, म्हणून ७!, आणि असेच पुढे. ४०३२० + ५०४० + ७२० + १२० + २४ + ६ + २ + १ = ४६२३३ संख्या आपल्या संख्येहून लहान आहेत. म्हणजे तिचा क्रमांक ४६२३४ वा.

अंकांची बेरीज ४५. त्यामुळे दहाही अंक एकेकदा वापरणाऱ्या कोणत्याही संख्येला, तिच्यात अंकांचा क्रम काहीही असो, ९ ने भाग जातोच. आपल्या संख्येला तर ४५ नेही भाग जातो: १२३४५६७८९० ÷ ४५ = २७४३४८४२. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद संख्या’ हे नाव दिले, आणि ते नाव आज जगभर वापरले जाते.

कापरेकरांचीच आणखी एक प्रक्रिया येथे लावून पाहण्यासारखी आहे. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. चार अंकी संख्यांसाठी, सगळे अंक सारखे नसतील तर, ही क्रिया वारंवार केल्यावर ६१७४ येते आणि तिथेच स्थिरावते. आपल्या संख्येसाठी ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. या उत्तराचे अंक तपासावेत: ९, ७, ५, ३, ०, ८, ६, ४, २, १. पुन्हा दहाही अंक एकेकदा! म्हणून पुढच्या फेरीत तीच वजाबाकी करावी लागेल आणि तेच उत्तर येईल. आपली संख्या एकाच फेरीत स्थिर संख्येपाशी पोहोचते. सिद्धतेसाठी वेगळे काही करावेच लागत नाही, म्हणून मला हे उदाहरण विशेष आवडते.

येथे थांबून वरचा भेद आठवावा. क्रमांक, हर्षद असणे आणि कापरेकर प्रक्रिया हे सगळे दशमान लेखनाचे गुण आहेत. यापुढे संख्येच्या स्वतःच्या गुणधर्मांकडे वळू.

पायरी ३ : लहान अवयवांच्या कसोट्या

शेवटचा अंक ० आहे, म्हणून २ ने आणि ५ ने भाग जातो. शेवटचे दोन अंक ९०, त्यांना ४ ने किंवा २५ ने भाग जात नाही, म्हणून २ आणि ५ हे अवयव प्रत्येकी एकदाच आहेत. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. २७ ने जातो का, हे पाहण्यासाठी ९ ने भागून घ्यावे: १३७१७४२१०. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणून आता ३ ने भाग जात नाही. ३ हा अवयव नेमका दोनदा आहे.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी वेगवेगळ्या कसोट्या पाठ करण्यापेक्षा एक समाईक कसोटी वापरावी. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे १००० ला यांपैकी कशानेही भागले तरी बाकी −१ आल्यासारखी असते. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे करावे: ८९० − ५६७ + २३४ − १ = ५५६. आता ५५६ लाच भागून पाहायचे. ७ ने बाकी ३, ११ ने बाकी ६, १३ ने बाकी १०. तिघांनीही भाग जात नाही. हेच गट नुसते मिळवले, ८९० + ५६७ + २३४ + १ = १६९२ आणि पुन्हा १ + ६९२ = ६९३, तर ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे ३७ ची कसोटीही होते: ६९३ ला ३७ ने भागून बाकी २७, म्हणजे भाग जात नाही. २७ ने बाकी १८ येते आणि वरचा निष्कर्ष पडताळलाही जातो.

पायरी ४ : उरलेला मोठा भाग फोडणे

१० आणि ९ हे अवयव बाजूला काढल्यावर १३७१७४२१ उरते. पडताळणी सोपी आहे: १३७१७४२१ × ९ = १२३४५६७८९. आता कसोटी आहे ती या आठ अंकी संख्येची, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून सोडून देतात.

सरळ मार्ग असा की मूळ संख्या क्रमाने घेऊन भागत जावे. १३७१७४२१ चे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्यामध्ये आहे, तेव्हा ३७०३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. पण पहिले यश मिळते ते ३६०७ ला, आणि ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या आहे. हाताने पाचशे भागाकार करण्याची चिकाटी असली तरी चुका टाळणे कठीण.

म्हणून प्येर द फर्मा यांची रीत वापरावी. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही लिहिता येते: अवयवांची सरासरी क आणि त्यांच्या फरकाचा अर्धा ख असेल, तर गुणाकार = क² − ख² = (क − ख)(क + ख). मग आपण क शोधतो. वर्गमूळाच्या वरच्या पहिल्या पूर्ण संख्येपासून सुरुवात करून प्रत्येक क च्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का, हे पाहायचे.

क = ३७०४ घेऊ. ३७०४² = १३७१९६१६. वजाबाकी २१९५. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, येथे शेवटी ९५ आहेत, म्हणून हा पूर्ण वर्ग नाही.

क = ३७०५ घेऊ. ३७०५² = १३७२७०२५. वजाबाकी ९६०४. आणि ९८² = ९६०४!

दुसऱ्याच प्रयत्नात संख्या फुटली: १३७१७४२१ = (३७०५ − ९८)(३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३. ३६०७ × ३८०० = १३७०६६०० आणि ३६०७ × ३ = १०८२१, बेरीज १३७१७४२१. पडताळणी झाली.

या यशावरून ही रीत नेहमीच इतकी झटपट चालते असा समज मात्र करून घेऊ नये. दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ असतात तेव्हाच ती वेगाने फळते. येथे त्यांच्यात फक्त १९६ चा फरक होता. फर्मा यांनी स्वतः १६४३ च्या सुमारास २०२७६५१२८१ ही संख्या याच मार्गाने फोडून दाखवली, तिचे अवयव ४४०२१ आणि ४६०६१, आणि त्यासाठी ४५०३० पासून ४५०४१ पर्यंत बारा प्रयत्न लागतात. उलट एक अवयव लहान आणि दुसरा प्रचंड असेल तर ही रीत साध्या भागाकारापेक्षाही संथ ठरते. म्हणून माझा सल्ला असा की लहान मूळ संख्यांनी आधी भागून घ्यावे, मग फर्मांच्या रीतीचे दहा-वीस प्रयत्न करावेत, आणि तरीही यश न आले तर संगणकाची मदत घ्यावी.

पायरी ५ : मिळालेले अवयव खरोखर मूळ आहेत का?

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ३६०७ चे वर्गमूळ ६० हून किंचित जास्त आहे, म्हणून ५९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागणे पुरेसे होते. ती विषम आहे, हे दिसतेच. पुढे ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ यांनी भागल्यावर बाकी अनुक्रमे १, २, २, १०, ६, ३, १६, १९ येते, आणि २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९ यांनी भागल्यावर ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८. कोठेही शून्य नाही, म्हणून ३६०७ मूळ आहे.

३८०३ साठी ६१ पर्यंत जावे लागते, कारण ६१² = ३७२१ हे ३८०३ पेक्षा लहान आहे आणि पुढच्या मूळ संख्येचा वर्ग, ६७² = ४४८९, मोठा आहे. ३ पासून २३ पर्यंत बाकी २, ३, २, ८, ७, १२, ३, ८, आणि २९ पासून ६१ पर्यंत ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७, २१. ३८०३ सुद्धा मूळ आहे.

तर अंतिम उत्तर असे:

१२३४५६७८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३

कोणी दुसऱ्या वाटेने गेले तरी त्याला हेच पाच मूळ अवयव आणि हेच घातांक मिळतील. मूळ अवयवांतील मांडणी क्रम सोडला तर एकमेव असते, हा सिद्धांत कार्ल फ्रीड्रिख गाऊस यांनी १८०१ मध्ये सिद्धतेसह स्पष्टपणे मांडला, आणि पुढचे सगळे याच एकमेवपणावर आधारलेले आहे.

पायरी ६ : विभाजकांची संख्या, बेरीज आणि सहमूळ संख्या

विभाजक मोजण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा. घातांक १, २, १, १, १ आहेत, म्हणून २ × ३ × २ × २ × २ = ४८ विभाजक. यादी करायची असेल तर ९० चे बारा विभाजक लिहावेत, १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०, आणि प्रत्येकाला क्रमाने १, ३६०७, ३८०३ आणि १३७१७४२१ यांनी गुणावे. बारा चोक अठ्ठेचाळीस, एकही सुटत नाही आणि एकही दुबार येत नाही.

विभाजकांच्या चोवीस जोड्या होतात, कारण प्रत्येक विभाजकाला त्याचा जोडीदार असतो. त्यांतली सर्वांत जवळची जोडी ३४२२७ × ३६०७० ही आहे. पहिल्या पायरीत काढलेले ३५१३६ हे वर्गमूळ या दोघांच्या मध्ये बसते. इतक्या एकसारख्या चौरस फरशा एका आयतात मांडायच्या असतील तर चौरसाच्या सर्वांत जवळचा आयत हाच.

विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ घटकाची बेरीज वेगळी काढून गुणावी: (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४. पहिले तीन मिळून २३४, शेवटचे दोन मिळून १३७२४८३२, आणि एकूण ३२११६१०६८८. यातून संख्या स्वतः वजा केली तर १९७७०४२७९८ उरतात. ही बेरीज संख्येहून मोठी आहे, म्हणून ही विपुल संख्या आहे. ज्यांच्यात ही बेरीज संख्येइतकीच भरते, जशा ६ आणि २८, त्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. विपुलता कोठून आली हेही पाहण्यासारखे आहे. २३४ ÷ ९० = २.६, म्हणजे जवळजवळ सगळी विपुलता ९० या छोट्या भागानेच आणली. दोन्ही मोठ्या मूळ अवयवांनी त्यात अगदी नाममात्र भर घातली.

१ पासून आपल्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे ज्यांच्याशी तिचा १ शिवाय समाईक विभाजक नाही अशा, संख्या किती? यासाठी लिओनहार्ड ऑयलर यांचे फलन आहे: १ × ६ × ४ × ३६०६ × ३८०२. येथे ३² साठी ९ − ३ = ६ घ्यायचे आणि एकच घात असलेल्या मूळ संख्येसाठी तिच्यातून १ वजा करायचा. गुणाकार ३२९०४०२८८ येतो, म्हणजे साधारण चारांत एक किंवा किंचित जास्त.

पायरी ७ : वर्गांच्या भाषेत

ही संख्या दोन वर्गांची वजाबाकी आहे का? नाही. सम संख्या दोन वर्गांची वजाबाकी असेल तर दोन्ही वर्ग सम किंवा दोन्ही विषम असावे लागतात, आणि दोन्ही वेळी वजाबाकीला ४ ने भाग जातो. आपल्या संख्येला ४ ने भागले तर बाकी २ राहते.

ती दोन वर्गांची बेरीज आहे का? यासाठी मूळ अवयवांकडेच पाहावे. ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला असेल, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज असते. ३ हा अवयव दोनदा आहे, तो अडवत नाही. पण ३६०७ आणि ३८०३ या दोघांनाही ४ ने भागून बाकी ३ येते आणि दोघे एकेकदाच आले आहेत. म्हणून नाही. अब्जाच्या घरातल्या संख्येसाठी हजारो जोड्या तपासून जे कळले असते, ते मूळ अवयवांवरून एका वाक्यात कळते.

तीन वर्गांची बेरीज मात्र ती आहेच. ४ ने वारंवार भागून झाल्यावर उरलेल्या संख्येला ८ ने भागून बाकी ७ येत असेल, फक्त तेव्हाच तीन वर्ग अपुरे पडतात, असा लजांद्र यांचा सिद्धांत आहे. आपल्या संख्येला ४ ने भाग जातच नाही आणि ८ ने बाकी २ येते. पण सिद्धांत ‘आहे’ एवढेच सांगतो, प्रत्यक्ष वर्ग देत नाही. ते शोधण्यासाठी ३५१३६ पासून खाली उतरावे आणि प्रत्येक वेळी उरलेली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का, हे वरच्याच कसोटीने पाहावे. ३५१३६ घेतल्यास २९३९४ उरतात, त्यात २३ हा अवयव एकदा आहे, म्हणून नाही. ३५१३५ घेतल्यास ९९६६५, त्यात ३१ एकदा, म्हणून नाही. ३५१३४ घेतल्यास १६९९३४. त्याचा अर्धा ८४९६७, त्याला ४ ने भागून बाकी ३, म्हणून नाही. ३५१३३ घेतल्यास २४०२०१ = ९ × १३ × २०५३, आणि येथे अडचण नाही.

१३ = ३² + २² आणि २०५३ = ४२² + १७². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो: (३ × ४२ + २ × १७)² + (३ × १७ − २ × ४२)² = १६०² + ३३². बाहेरच्या ९ साठी दोन्हींना ३ ने गुणावे म्हणजे ४८०² + ९९². तर

१२३४५६७८९० = ३५१३३² + ४८०² + ९९²

बेरीज करून पाहावी: १२३४३२७६८९ + २३०४०० + ९८०१.

पायरी ८ : लागोपाठच्या संख्यांची बेरीज

१ पासून सुरू होणाऱ्या क्रमवार बेरजेला त्रिकोणी संख्या म्हणतात. एखादी संख्या त्रिकोणी असेल तर तिची आठपट अधिक १ हा पूर्ण वर्ग असतो. आपल्यासाठी ही किंमत ९८७६५४३१२१ येते. ती ९९३८०² = ९८७६३८४४०० आणि ९९३८१² = ९८७६५८३१६१ यांच्या मध्ये पडते, म्हणून संख्या त्रिकोणी नाही.

बेरजेची सुरुवात कोठूनही करता येत असेल तर मात्र बरेच मार्ग खुलतात. दोन किंवा अधिक लागोपाठच्या धन संख्यांची बेरीज म्हणून एखादी संख्या जितक्या प्रकारे लिहिता येते, तो आकडा तिच्या विषम विभाजकांच्या संख्येपेक्षा एकाने कमी असतो. आपल्या ४८ विभाजकांपैकी २४ विषम आहेत, म्हणून २३ प्रकार. त्यांतले दोन असे: ४११५२२६२९ + ४११५२२६३० + ४११५२२६३१, आणि ३०८६४१९७१ + ३०८६४१९७२ + ३०८६४१९७३ + ३०८६४१९७४.

पायरी ९ : द्विमान लेखन

द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरणारे, लेखन मिळवण्यासाठी एकतीस वेळा २ ने भागत बसण्यापेक्षा एकदाच ६५५३६ ने, म्हणजे २ च्या सोळाव्या घाताने, भागावे. भागाकार १८८३८, बाकी ७२२. मग दोन्ही लहान संख्या २ च्या घातांत फोडाव्यात: १८८३८ = १६३८४ + २०४८ + २५६ + १२८ + १६ + ४ + २, आणि ७२२ = ५१२ + १२८ + ६४ + १६ + २. बाकीचा भाग सोळा स्थाने भरेपर्यंत डावीकडे शून्ये देऊन जोडला की पूर्ण लेखन मिळते:

१००१००११००१०११०००००००१०११०१००१०

एकतीस स्थाने, त्यांत बारा एक. दशमान लेखनातला सुबक क्रम येथे पूर्ण विरून गेला, आणि वर केलेल्या भेदाचा याहून चांगला पुरावा नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजणाऱ्या संगणकीय घड्याळांनी ही संख्या जागतिक प्रमाणवेळेनुसार शुक्रवार, १३ फेब्रुवारी २००९ रोजी २३ वाजून ३१ मिनिटे ३० सेकंदांनी दाखवली. बत्तीस द्विमान स्थानांच्या, त्यांतले एक धन-ऋण चिन्हासाठी राखणाऱ्या, मोजणीची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ असल्यामुळे ती त्यात सहज मावली.

पायरी १० : नातेवाईक आणि शेजारी

अंक उलटे लिहिले तर ९८७६५४३२१ मिळते. तिचा आणि १२३४५६७८९ चा मसावि काढण्यासाठी अवयव पाडण्याची गरज नाही. मोठीला लहानीने भागले की ९८७६५४३२१ = ८ × १२३४५६७८९ + ९, आणि १२३४५६७८९ ला ९ ने नि:शेष भाग जातो, म्हणून मसावि ९. याच ओळीवरून त्यांचे गुणोत्तर नेमके ८ पूर्णांक १/१३७१७४२१ आहे, हेही कळते. चौथ्या पायरीत फोडलेली संख्या येथे छेदात पुन्हा भेटते.

उजवीकडची शेजारीण १२३४५६७८९१ ही मूळ संख्या आहे. हे भागाकारांनी सिद्ध करायचे तर ३५१३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या वापराव्या लागतील. पण आपल्याकडे तिच्या आधीच्या संख्येचे संपूर्ण अवयव आहेत, आणि एद्वार ल्यूका यांच्या कसोटीला नेमके तेच लागतात. एखादा पाया निवडून त्याचा १२३४५६७८९० वा घात घ्यावा आणि त्याला १२३४५६७८९१ ने भागून बाकी १ येते का, ते पाहावे. मग घातांकाला आपल्या पाच मूळ अवयवांपैकी एकेकाने भागून तोच प्रयोग पुन्हा करावा. नवे घातांक ६१७२८३९४५, ४११५२२६३०, २४६९१३५७८, ३४२२७० आणि ३२४६३० असतील. या पाचही वेळी बाकी १ सोडून दुसरी काही आली, तर शेजारीण मूळ असल्याचे सिद्ध होते. एखाद्या घातांकासाठी पाया अनुकूल नसेल तर त्या घातांकापुरता दुसरा पाया घेऊन त्यावर दोन्ही तपासण्या कराव्यात.

इतका मोठा घात काढणे अशक्य वाटते, पण नवव्या पायरीतले द्विमान लेखन इथे कामी येते. डावीकडचा पहिला अंक सोडून उरलेल्या तीस अंकांपैकी प्रत्येकासाठी एकदा वर्ग करायचा, तो अंक १ असेल तर पायाने आणखी एकदा गुणायचे, आणि दर वेळी लगेच बाकी घ्यायची. तीस वर्ग आणि अकरा गुणाकार, एकूण एकेचाळीस क्रिया. मधले वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जातात, म्हणून हे काम स्प्रेडशीटवर न करता पूर्ण संख्यांचे अचूक गणित करणाऱ्या साधनावरच करावे.